लंगरातलं स्ट्रेचर

पोस्टवर स्ट्रेचर एकच होतं आणि ते लंगरात होतं. लंगर म्हणजे फौजेतलं स्वयंपाकघर. स्ट्रेचर जखमी माणसाला न्यायला असतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण बरेच दिवस कुणी जखमी झालं नव्हतं, आणि लंगराच्या जमिनीला सारखी ओल यायची. आटा खालून भिजायचा. म्हणून उत्तमनं स्ट्रेचर चार जेरीकॅनवर आडवं टाकलं आणि त्यावर आट्याची पोती रचली. सुभेदार साहेबांनी बघितलं. म्हणाले, "इस्तेमाल में है, ठीक है." तेव्हापासून ते लंगराचं सामान झालं.

मी माधव, लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातला. सातवी शिकून भरती झालो, नाईक होऊन पेन्शनीत आलो. मला सजवून लिहिता येत नाही. बायको होती तोवर तिच्याजवळ बोलून भागायचं. ती गेल्याला दीड वर्ष झालं. आता घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसलो.

पोस्ट उत्तरेला, लई उंचावर होती. नाव सांगत नाही. दिवाळीनंतर खालचा रस्ता बंद व्हायचा तो उन्हाळ्यातच उघडायचा. त्या साली बर्फ लवकर पडला. रॉकेलची शेवटची खेप खालीच अडकली. जेवढं वर आलं होतं तेवढ्यात हिवाळा काढायचा होता. रॉकेलवर दोन गोष्टी चालायच्या. एक लंगरातले स्टोव्ह, दुसरी बंकरमधली बुखारी, म्हणजे पत्र्याची शेगडी. पाणीसुद्धा स्टोव्हवरच व्हायचं. बर्फ आणायचा, पातेल्यात टाकायचा, वितळवायचा.

उत्तम गजभारे, लान्स नाईक, लंगरचा स्वयंपाकी. नांदेडकडचा, लोहा तालुक्यातला. अंगानं दणकट, आवाज मोठा. पलटणीत आमच्या भागातले आम्ही दोघंच, म्हणून तो मला नावानं हाक मारायचा नाही. लातूर म्हणायचा. मी ड्युटीवरून उतरलो की लंगरात पातेल्याजवळ जाऊन बसायचो. ऊब मिळायची.

"ए लातूर, पाणी बघून राहिलास का चोरून राहिलास?"

"तुला काय कळतंय. गोदावरी उशाला घेऊन झोपणारे तुम्ही."

"लोह्यात कुठली आली रे गोदावरी? आमच्याकडं बी टँकरच येतो. पण तुझ्यावानी घागरीला कान लावून बसत न्हाई आम्ही."

मग चहा द्यायचा. दुसऱ्याला कपभर, मला ग्लासभर.

माझ्याकडं एक वाकळ होती. शांतानं, म्हणजे बायकोनं, तिच्या आईच्या आणि स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. आमच्याकडं लुगडं फाटलं म्हणून कुणी टाकत नाही. आधी त्याची वाकळ होते, वाकळ फाटली की म्हशीच्या पाठीवर जाते, तिथं फाटली की चुलीजवळचं फडकं होतं. फौजेची स्लीपिंग बॅग होतीच, पण मी वाकळ आत घालून झोपायचो. एकदा किट तपासताना सुभेदार साहेबांनी ती काठीनं उचलली.

"ये क्या है?"

मी काही बोलायच्या आत उत्तम म्हणाला, "साब, ये इसकी घरवाली है. रोज इसी को ओढ़ता है."

सगळे हसले. साहेबसुद्धा हसले. साहेब कुमाऊँचे, पहाडी माणूस. कमी बोलायचे. वाकळ त्यांनी ठेवू दिली.

असे दिवस जात होते. मग दीपक आजारी पडला.

शिपाई दीपक हरियाणाचा. नवाच आला होता. आधी डोकं दुखतंय म्हणाला, मग खोकला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या छातीतून खरखर ऐकू येऊ लागली. ओठ निळे पडले. आमचा नर्सिंग असिस्टंट त्याच्या छातीला कान लावून उठला आणि म्हणाला, "साब, फेफड़ों में पानी भर गया है. इसे नीचे ले जाना पड़ेगा. तब तक ऑक्सिजन और गर्मी. बुखारी एक मिनट भी बुझनी नहीं चाहिए."

साहेबांनी वायरलेस सेटवर खाली निरोप दिला.

"अल्फा फॉर टायगर. एक पेशंट, हालत सीरियस. चॉपर चाहिए. ओव्हर."

"टायगर फॉर अल्फा. मौसम बंद है. वेट करो. ओव्हर."

बाहेर हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. साहेब रॉकेलच्या पिंपाजवळ गेले, आत काठी घालून बघितली आणि लंगरात आले. उत्तम कणीक मळत होता.

"गजभारे, लंगर का तेल बुखारी में जाएगा. लंगर बंद."

"पूरा बंद, साब?"

"एक स्टोव्ह पानी के लिए. बाकी बंद."

उत्तमनं मळलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकलं. पाण्याचा एक ठेवून बाकीचे स्टोव्ह विझवले आणि त्यांच्या टाकीतलं रॉकेल नरसाळ्यानं डब्यात काढलं. थेंब सांडू दिला नाही. डबा स्वतः उचलून दीपकच्या बंकरमध्ये नेऊन ठेवला. परत आला तेव्हा मी विचारलं, "आता आपण काय खायचं?"

"बर्फ खा. लातूरचा हाईस, तुला चालतंय."

म्हणाला खरं, पण त्यानं सगळ्यांचं बघितलं. डब्यात शंकरपाळे होते, त्यानंच तळून ठेवलेले. ते त्यानं सगळ्यांना वाटून दिले. प्रत्येकाच्या खिशात स्वतःच्या हातानं घातले आणि वरून बटन लावलं, पोराला शाळेत पाठवताना लावतात तसं. स्वतःच्याही खिशात घातले.

दोन दिवस मौसम उघडला नाही. दीपकची बुखारी विझली नाही. आम्ही बाकीचे एका बंकरमध्ये गच्च बसून राहिलो, कारण दुसऱ्या बुखारीला तेल नव्हतं. कुणी तक्रार केली नाही. तक्रार कुणाकडं करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. सेट बोलला.

"टायगर फॉर अल्फा. चॉपर आ रहा है. दूसरी पोस्ट का तेल यहीं उतारकर आ रहा है. देर मत करना. मौसम फिर बिगड़ेगा. ओव्हर."

म्हणजे कुणाच्या तरी वाटचं तेल खाली ठेवून ते हेलिकॉप्टर आमच्याकडं येत होतं. तिथली माणसंही आमच्यासारखीच बसली असणार.

पोस्टवर हेलिकॉप्टर उतरायला जागा नव्हती. खाली एक सपाट मैदान होतं, तिथं उतरायचं. तिथवर दीपकला उचलून न्यायचं होतं. साहेब म्हणाले, "स्ट्रेचर लाओ."

मी आणि उत्तम लंगरात गेलो. पोती खाली उतरवली. स्ट्रेचर बाहेर आणलं. दीपकला बंकरच्या दारात त्यावर ठेवलं आणि दोघांनी उचललं. कापड दांड्याच्या कडेनं उसवत गेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लई आवाज झाला नाही. दीपक खाली बर्फावर आला. खालची ओल, वरचं ओझं आणि स्टोव्हची वाफ, यानं कॅनव्हास आतून कुजला होता. पोती होती तोवर दिसलं नाही.

साहेबांनी दीपकला आधी बर्फावरून उचलायला लावलं.  उत्तम फाटलेल्या कापडाकडं बघत उभा होता. बोटानं त्यानं ते थोडं दाबून बघितलं. कापड पापडासारखं तुटलं.

चूक त्याची एकट्याची नव्हती. आम्ही सगळे रोज तिथं बसून चहा प्यायचो. साहेबांनी ठीक आहे म्हटलं होतं. आमच्यासारख्या माणसांना रिकामी पडलेली वस्तू बघवत नाही, ती कशाला तरी लावल्याशिवाय चैन पडत नाही. हे सगळं मी आज लिहू शकतो. तेव्हा कुणी त्याला हे बोललं नाही. वेळ नव्हता.

मी बंकरमध्ये गेलो आणि वाकळ घेऊन आलो. खाली ग्राउंडशीट अंथरली, वर वाकळ, वाकळीत दीपक. चारी बाजूंनी गुंडाळून दोरानं बांधला, कडब्याची पेंढी बांधतात तसा. बर्फावरून ओढत न्यायचं ठरलं. पुढं दोन दोर ओढायला, मागं एक दोर रोखून धरायला, म्हणजे उतारावर गठ्ठा पळू नये. पुढच्या दोराला मी आणि एक शिपाई. बाजूला ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन नर्सिंग असिस्टंट. सगळ्यात पुढं काठीनं बर्फ टोचत साहेब. मागच्या दोराला वजनदार माणूस पाहिजे होता.

उत्तम म्हणाला, "साब, पीछे मैं."

"तू लंगर का आदमी है."

"लंगर तो बंद है, साब."

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. मग मान हलवली.

निघालो. पहिला उतार नीट गेला. उत्तम मागून ओरडायचा, "लातूर, हळू! तुझी बायको हाय ती, रस्त्यात फाडशील!" दीपकचे डोळे मिटलेले होते. नाकावर मास्क, बाकी सगळा शांताच्या लुगड्यात. हिरवं, जांभळं, लाल. पांढऱ्या बर्फावर ते लांबून दिसलं असणार.

मग नाला आला. नाल्याच्या काठाकाठानं जायचं होतं. साहेब काठी टोचत पुढं गेले. आम्ही गेलो, गठ्ठा गेला. उत्तम त्याच जागेवर आला आणि त्याच्या पायाखालचा काठ गेला.

मला आधी ओढ बसली. मी तोंडावर पडलो. गठ्ठा मागं सरकला, त्याच्यामागं आम्ही दोघं. मी टाचा रोवल्या, दोर हाताला वेढला. थांबेना. आणखी सरकलो. मग एकदम दोर ढिला झाला. आम्ही जिथं होतो तिथं थांबलो.

मागं बघितलं. काठ नवा तुटलेला दिसत होता. मागचा दोर बर्फावर मोकळा पडला होता. उत्तम नव्हता.

लोक मला विचारतात, दोर त्याच्या हातून निसटला का त्यानं सोडला? मला माहीत नाही. मी पुढं बघत होतो. जे बघितलं नाही ते मी सांगत नाही.

मी दोर टाकून मागं पळालो. साहेब ओरडले, "माधव! पेशंट!"

"साब, उत्तम नीचे—"

"पेशंट को पहुँचाओ. मैं देखता हूँ. ये ऑर्डर है."

खाली हेलिकॉप्टरचा आवाज यायला लागला होता. साहेबांनी सेटवर पोस्टला निरोप दिला, बेलचे, म्हणजे फावडी, घेऊन माणसं पाठवा. ती माणसं खाली यायला वेळ लागणार होता. जवळ हात होते ते आमचेच. ते उत्तमला शोधायला लागले असते. ते दीपकला लागले. मी दोर उचलला आणि ओढायला लागलो. आता मागं रोखून धरायला कुणी नव्हतं, म्हणून नर्सिंग असिस्टंटनं एका हातानं सिलिंडर आणि एका हातानं दोर धरला.

हुकूम बरोबर होता. मी आजही बरोबरच म्हणतो. उत्तम असता तर त्यानंही मला शिवी देऊन खालीच हाकललं असतं. पण त्या नाल्यापासून मैदानापर्यंत मी उत्तमकडं पाठ करून चाललो. आज इतक्या वर्षांनी उतारावर चाललो की ती पाठ मला जाणवते.

हेलिकॉप्टर आलं होतं. पंखे चालूच होते. दीपकला वाकळीसकट आत सरकवलं. सोडून घ्यायला वेळ नव्हता. दार लागलं, ते उडालं. दीपक वाचला. पुढं त्यानं बरीच वर्षं नोकरी केली. अजून दर दिवाळीला फोन करतो. वाकळ हॉस्पिटलमध्ये कापून काढली, पुढं काय झालं त्याला आठवत नाही.

आम्ही परत नाल्यात आलो. तोवर पोस्टवरची माणसं आली होती. दुपारी उत्तम सापडला. लई खोल नव्हता. साहेबांनी हातानं त्याच्या तोंडावरचा बर्फ काढला. कोटाची चेन उघडून छातीवर हात ठेवून बघितलं. मग शर्टाच्या खिशाचं बटन उघडलं, कागद-ओळखपत्र बघायला. आत शंकरपाळे होते. त्यानं एकही खाल्लेला नव्हता. साहेबांनी खिसा परत बंद केला आणि बटन लावलं.

पोस्टवर आल्यावर साहेब म्हणाले, "बुखारी का तेल लंगर में वापस." आता पेशंट नव्हता. मी डबा उचलून लंगरात नेला. तिथं फडक्याखाली कणीक तशीच होती, दगड झालेली. स्टोव्हमध्ये तेल ओतलं. पण काडी ओढायला कुणाचा हात पुढं येईना.  शेवटी साहेब आत आले. त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला, स्वतः गाळला. अर्धा बाहेर सांडला. म्हणाले, "पियो. ये भी ऑर्डर है."

मला कपभरच मिळाला.

मृतदेहाबरोबर मला पाठवलं. त्याच्या अंगावरचे कपडे आणि सामान ट्रंकेत भरून मागाहून घरी गेलं. विमान, मग फौजेची गाडी, नांदेड, मग लोहा, मग त्याचं गाव. शांता चाकूरहून जीपनं आधीच येऊन बसली होती. तिनं उत्तमला कधी बघितलं नव्हतं, माझ्या पत्रांतून ओळखत होती. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. खिशातलंही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "वाकळ गेली ते बरं झालं. कामाला आली." 

भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. गाव सगळं पांढऱ्या कपड्यात उभं होतं. जवानांनी सलामी दिली. सगळं झाल्यावर उत्तमची बायको सुमन माझ्यासमोर आली. तोवर ती रडलीही नव्हती. तिनं एकच विचारलं.

"भाऊजी, जेवले होते का वो?"

फायरिंगपुढं उभा राहिलेला माणूस मी. तरी मी शांताकडं बघितलं. शांता पुढं झाली आणि सुमनचा हात धरला.

"जेवले होते, बाई. यांनी मला सांगितलं. सगळ्यांना वाढून मग सोता जेवले. पोटभर."

सुमननं मान हलवली. मग रडली.

शांता त्यानंतर दरवर्षी लोह्याला जायची. जाताना ज्वारी, तूर, येताना तिकडचं काही ना काही. सुमनच्या घरी जेवायची, राहायची. आमच्या गावात काहींनी तोंडं वाकडी केली. शांता कुणाला विचारून जेवणारी बाई नव्हती. एकाला तिनं तोंडावर सांगितलं, "तुझ्या घरी बोलवायची ऐपत न्हाई, तर तिच्या ताटात कशाला बघतोस?"

मग शांता आजारी पडली. लातूरच्या दवाखान्यात शेवटचे दिवस काढले. मी बाजूला बसलेला असायचो. मला म्हणायची, "घरी जा, म्हशीला पाणी कोण दाखवंल?" गेली त्या दिवशीही आधी म्हशीचंच विचारलं.

तेराव्याला सुमन आली. आता तिचेही केस पांढरे. बायका शांताची लुगडी बाहेर काढून बसल्या होत्या. कुणी म्हणे वाटून टाका, कुणी म्हणे नदीला सोडा. सुमननं सगळी गोळा करून गाठोडं बांधलं. म्हणाली, "शांताअक्काच्या लुगड्यांची वाकळ हुईल. नदीला काय थंडी वाजती का?" गाठोडं घेऊन ती लोह्याला गेली.

दोन महिन्यांनी वाकळ घेऊन परत आली. माझ्या मांडीवर ठेवली. जड होती. मी म्हणालो, "आत काय घातलंस, सुमन?"

"त्यांचा शर्ट हाय. ट्रंकेतून आलेला."

मी वाकळीवरून हात फिरवून बघितला.

"ठिवून ठिवून काय करायचं, भाऊजी? तिथं थंडी होती म्हणून फौजेनं त्यांना दिला होता. आता तुम्हाला वाजून राहिली थंडी."

मग तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "त्या ट्रंकेतच मला समजलं होतं. शर्टाच्या खिशाला बटन लावलेलं हुतं. आत शंकरपाळे. मी अक्काला कधी बोलले न्हाई. ती माझ्यासाठी खोटं बोलली, ते मी खरं धरलं."

"आणि शंकरपाळे?"

"खाल्ले मी. रोज एक. लई कडक झाले हुते."

चहा न घेता उठली. बस होती तिची.

ती वाकळ मी पांघरतो. वरून शांताची लुगडी, आत उत्तमचा शर्ट. सुमननं खिसा उसवला नाही, बटनही काढलं नाही. झोपताना छातीवर ते बटन टोचतं. वाकळ फिरवून घेतली तर ते पायाकडं जाईल, हे मला कळतं. मी फिरवत नाही.